रॅम बसवली आणि स्क्रीन काळीच : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी आलेले मेल वाचायला बसले तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, लॅपटॉप स्लो झाला म्हणून रॅम वाढवली आणि नंतर काहीतरी बिघडलं. म्हणून हा अख्खा अंक रॅमलाच दिलाय. रॅम म्हणजे काम चालू असताना माहिती धरून ठेवणारी मेमरी, ती ज्या छोट्या पट्टीवर येते ती स्टिक, पट्टी बसते ती खोबण म्हणजे स्लॉट, डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या, आणि जनरेशन म्हणजे आय३, आय५ सारख्या प्रोसेसरची पिढी. पहिलं उत्तर लांब आहे, पण तुमचा लॅपटॉप २०१३ ते २०१६ च्या दरम्यानचा असेल तर ते वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी चिपळूणजवळ प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझा लॅपटॉप २०१४ चा, आय३ चौथ्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम. शाळेची माहिती ऑनलाइन भरताना चार टॅब उघडले की अडकून बसतो. भाच्याने ८ जीबीची डीडीआर३ १६०० ची स्टिक आणून मोकळ्या स्लॉटमध्ये बसवली. आता पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. नवीन स्टिक काढली की लगेच चालू. जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघितली तर चालते, नवीन एकटी कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नाही. दुकानदाराने तीच स्टिक त्याच्या लॅपटॉपला लावून दाखवली, तिथे व्यवस्थित चालली. तो म्हणतो तुमचा मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल. दोन्ही स्टिकचे फोटो पाठवतेय. काय करू?

उत्तर : मॅडम, मदरबोर्ड अजिबात बदलू नका. तुमचा मदरबोर्ड चांगला आहे आणि ती नवीन स्टिकसुद्धा चांगली आहे, फक्त दोघांचं जमत नाहीये, आणि त्याचं कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे.

जुन्या स्टिकच्या लेबलवर बघा, पीसी३एल-१२८००एस असं छापलंय. नवीनवर पीसी३-१२८००एस. फरक एका एल चा. बाकी सगळं सारखं, स्पीड तोच, पिना दोघींना २०४ च, मधली खाच पण त्याच जागी, त्यामुळे स्टिक स्लॉटमध्ये अगदी सहज बसते आणि बसली म्हणजे चालणार असं कुणालाही वाटेल, तुमच्या भाच्याची यात काही चूक नाही. एल म्हणजे लो व्होल्टेज. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. तुमच्या चौथ्या जनरेशनच्या लॅपटॉपमधला स्लॉट १.३५ च देतो, त्यामुळे नवीन स्टिकला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, ती नीट जागीच होत नाही, आणि रॅम सापडली नाही की लॅपटॉप स्क्रीन लावण्यापर्यंत पोचतच नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पुढे काही नाही. तुम्हाला जे दिसतंय ते हेच.

मग दुकानात कशी चालली? दुकानात तपासायला ठेवलेला लॅपटॉप बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या जनरेशनचा असणार, ते दीड व्होल्ट देतात. म्हणजे त्यांनी दाखवलं ते खोटं नव्हतं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला. उलट दिशेने मात्र चालतं, डीडीआर३एल लिहिलेली स्टिक दोन्ही व्होल्टेजवर चालते, जुन्या लॅपटॉपलाही आणि तुमच्यालाही. म्हणून डीडीआर३ वाल्या कुठल्याही लॅपटॉपसाठी आंधळेपणाने एल वालीच घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

तुम्ही जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघितलीत ना, ते फार महत्त्वाचं काम केलंत. त्यामुळेच मी इतक्या खात्रीने बोलू शकतेय. दोन्ही स्लॉट जुन्या स्टिकने चालतात म्हणजे स्लॉट चांगले, नवीन स्टिक दुसऱ्या मशीनमध्ये चालते म्हणजे स्टिक चांगली, मग उरतं काय तर जुळणी. कुणी मदरबोर्ड गेला म्हणालं की आधी ही अदलाबदल करून बघायची, दहा मिनिटांचं काम आहे आणि हजारो रुपये वाचतात. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो, माझ्याकडे असे लोक येतात ज्यांनी चांगला मदरबोर्ड काढून टाकलाय आणि नवीन बोर्डावर पण तीच स्टिक चालत नाही म्हणून रडकुंडीला आलेत.

तर आता बिल घेऊन जा आणि बदलून मागा. शब्द असे सांगा : लॅपटॉपची, ८ जीबी, डीडीआर३एल, १६००, लेबलवर पीसी३एल-१२८००एस. शेवटचा एस लॅपटॉपच्या लहान स्टिकसाठी असतो. १२८०० म्हणजे दुसरं काही नाही, १६०० ला ८ ने गुणलं की १२८००, एका वेळी ८ बाइट जातात म्हणून, त्यामुळे कुणी १६०० म्हणेल कुणी १२८०० म्हणेल, गोंधळू नका, एकच आहे. आणि लेबल स्वतः वाचा, खोक्यावरचं नाही, स्टिकवरचं.

बसवताना भाच्याला एवढं सांगा. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करायचं, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. अडॅप्टर काढायचा, बॅटरी काढायची, मग पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. स्टिक साधारण तीस अंशात तिरकी ठेवून आत सरकवायची, पिवळ्या पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत, मग वरून खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्कन बसल्या पाहिजेत. बऱ्याच लोकांची स्टिक अर्धी आत असते आणि क्लिप मात्र लागलेली असते, त्यातही स्क्रीन काळीच राहते आणि बिचाऱ्या स्टिकवर आळ येतो.

नवीन बसली की १२ जीबी दिसेल. ४ आणि ८ अशी विषम जोडी चालते, काही बिघडत नाही. आणि लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर पुढच्या वेळी पैसे जमले की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, जास्त वेगवान डिस्क) टाका, रॅममुळे टॅब अडकायचे थांबतील पण चालू व्हायला लागणारा वेळ डिस्कमुळे आहे.

प्रश्न : ताई मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, सेकंड इयर. माझा आय५ बाराव्या जनरेशनचा लॅपटॉप, ८ जीबी डीडीआर५. रूममेटकडे पण बारावी जनरेशनच आहे, त्याची एक्स्ट्रा स्टिक लावून बघावी म्हटलं तर ती स्लॉटमध्ये जातच नव्हती. मग १६ जीबीची नवीन डीडीआर५ घेतली. लावली तर स्क्रीन ब्लॅक, एक मिनिट थांबलो, घाबरून बंद केला, काढली, परत लावली, परत तेच. असं तीनदा केलं. वॉरंटी जाईल या भीतीने आता हात लावत नाहीये.

उत्तर : तू एक मिनिट थांबलास, अजून थोडं थांबायला हवं होतंस. डीडीआर५ ची नवीन स्टिक पहिल्यांदा लागली की लॅपटॉप आधी तिच्याशी सूर जुळवून घेतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, सिग्नल किती वेळाने येतो, कुठल्या क्षणी वाचायचा, हे तो प्रत्येक लाइनसाठी तपासून ठरवतो. तेवढा वेळ स्क्रीन पूर्ण काळी असते आणि काही लॅपटॉपना यासाठी कित्येक मिनिटं लागतात. मध्येच बंद केलंस की सगळं पहिल्यापासून. तुझं तीनदा तेच झालेलं दिसतंय.

आता असं कर, चार्जर लावून ठेव, स्टिक नीट बसव, चालू कर आणि घड्याळ लावून दहा मिनिटं हात बांधून बस. मध्ये स्वतःहून एकदोनदा रिस्टार्ट झाला तरी चालेल. एकदा ट्रेनिंग झालं की तो ते लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी नेहमीसारखा चालू होतो. दहा मिनिटांनीही काही आलं नाही तर जुनी काढून फक्त नवीन लाव, पहिल्या स्लॉटमध्ये, आणि परत तेवढाच थांब. तेव्हाही काळीच राहिली आणि जुनी एकटी चालत असेल तरच नवीन स्टिकवर शंका घे. चालू करताना कॅप्स लॉकचा किंवा चार्जिंगचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ते मोजून लिहून ठेव, त्या मोजणीचा अर्थ तुझ्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, ते कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं.

रूममेटची स्टिक, जी बहुतेक डीडीआर४ असणार, स्लॉटमध्ये गेली नाही ते चांगलंच झालं. बाराव्या जनरेशनचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात, कुठली लावायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो, म्हणून प्रोसेसर सारखा असला तरी रॅम सारखी असेलच असं नाही. डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, खाच वेगळ्या ठिकाणी, व्होल्टेजही वेगळं, एकीला १.२ आणि दुसरीला १.१. जात नसेल तर जोर लावायचाच नाही, खाच मुद्दाम तेवढ्यासाठीच ठेवलेली असते.

८ आणि १६ जोडल्यावर स्पीड कमी होईल का असं पण तू खाली विचारलंयस. जुनी ४८०० ची आणि नवीन ५६०० ची असेल तर दोन्ही ४८०० वर चालतील. आणि २४ पैकी १६ जीबी दोन्ही स्टिकमधून एकत्र वाचली जाते, ती फास्ट, वरची ८ एकाच स्टिकमधून. कोडिंगला तुला हे जाणवणारसुद्धा नाही. वॉरंटीचं म्हणशील तर तुझ्या वॉरंटी कार्डावर रॅम बदलण्याबद्दल काय लिहिलंय ते वाच, कंपनीप्रमाणे नियम वेगवेगळे आहेत, आणि स्क्रूवर सील असेल तर उघडण्याआधी विचारून घे. जुनी स्टिक कधीही विकू नकोस, सर्व्हिसला द्यायची वेळ आली तर तीच लावून द्यायची.

प्रश्न : मी बेळगावचा, निवृत्त, वय ७१. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ओळखीच्या मुलाने ४ आणि ४ अशी ८ जीबी रॅम घातली. चालू होतो, पण कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ८.०० जीबी आणि कंसात २.९२ जीबी वापरण्यायोग्य असं दाखवतो. विंडोज ७ आहे. मला फसवलं का?

उत्तर : नाही काका, फसवलं नाही. ८ जीबी दिसतेय म्हणजे लॅपटॉपला दोन्ही स्टिक सापडल्यात, अडचण विंडोजची आहे. तुमचं विंडोज बहुतेक ३२ बिटचं आहे, त्याच प्रॉपर्टीजच्या पानावर सिस्टिम टाइप असं लिहिलेलं असतं तिथे बघा.

३२ बिट विंडोज ७ कडे रॅमचा पत्ता लिहायला ३२ च आकड्यांची जागा आहे, आणि प्रत्येक आकडा ० किंवा १ एवढाच. त्यातून होतात ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजे ४ जीबी, त्याच्या पुढच्या घराला नंबरच देता येत नाही. त्या चारातले काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीच्या भागांना राखून ठेवावे लागतात, म्हणून तुमच्या हातात तीनच्या आसपास उरतं. गल्लीत घरं आठशे आणि पोस्टमनच्या वहीत पानं चारशेच, तसं आहे हे.

उपाय ६४ बिटचं विंडोज, पण ते वरून अपडेट होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं, त्यामुळे आधी नातवंडांचे फोटो, बँकेची कागदपत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या आणि उघडून बघा की खरंच आलंय. आणि काका, एवढं करणारच असाल तर परत विंडोज ७ टाकू नका, त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत आणि तुम्ही त्यावरून बँकेचं काम करता असं लिहिलंय, त्याची मला जास्त काळजी वाटतेय. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टिम, ६४ बिटची, त्या मुलाकडून टाकून घ्या, फुकट आहे, ब्राउझर तोच, मराठी टायपिंगही होतं. चार दिवस नवीन वाटेल मग सवय होते.

विंडोज आधीच ६४ बिटचं निघालं तर मात्र वेगळं बघायचं. स्टार्टमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करून बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम मेमरीच्या चौकटीत टिक आहे का बघा, असेल तर काढून रिस्टार्ट करा. कुणीतरी कधीतरी स्पीड वाढवायला म्हणून ती टिक केलेली असते.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहितेय. २०२० चा मॅकबुक एअर, एम१ चिपचा, ८ जीबी. भारतात येतेय तेव्हा तिथे स्वस्तात १६ करून मिळेल का?

उत्तर : नाही गं. त्यात स्लॉटच नाही, मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली आहे, घेताना जेवढी घेतली तेवढीच. कुणी करून देतो म्हणालं तरी चालू मशीन अशा कामाला देऊ नकोस. हल्ली पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये पण रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, माहितीपत्रकात एलपीडीडीआर असं लिहिलेलं असेल तर जवळजवळ नेहमी तसंच असतं. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर या मॅकमधल्या अ‍ॅपमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख बघ, हिरवा राहत असेल तर रॅम पुरेशी आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे.

प्रश्न : मडगावहून. चार महिन्यांपूर्वी ८ जीबीला अजून ८ जोडली, डीडीआर४. सुरुवातीला मस्त चालला, पावसाळा लागल्यापासून दिवसातून एकदोनदा निळी स्क्रीन येते, दर वेळी वेगळा एरर. दोनदा फॉरमॅट मारून झाला. दुकानदार म्हणतो खोडरबरने पुसा. खरंच पुसायचं का?

उत्तर : दर वेळी वेगळा एरर हा रॅमच्या बिघाडाची नेहमीची खूण आहे, कारण खराब जागेत कधी ब्राउझर येतो कधी ड्रायव्हर, जे तिथे सापडेल ते कोसळतं. म्हणून फॉरमॅट मारून फरक पडला नाही, आणि आता तिसऱ्यांदा मारू नका. रॅम खराब असताना फॉरमॅट मारणं धोक्याचं पण आहे, नवीन विंडोजच्या फाइलीच चुकीच्या कॉपी होऊ शकतात.

आधी साफसफाई. किनाऱ्यावरची खारी दमट हवा पिनांवर बारीक थर आणते, डोळ्यांना तो दिसतोच असं नाही. खोडरबर चालतो, अगदी वाईट नाही, पण मऊ पांढरा घ्या, शाई खोडायचा खरखरीत निळा नको, त्याने सोन्याचा मुलामा निघतो आणि तो फार पातळ असतो. स्टिक लॅपटॉपपासून लांब टेबलावर घेऊन हलक्या हाताने पुसायची, चुरा पूर्ण झटकायचा, एक कणसुद्धा स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं सुरू. त्यापेक्षा मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटी बाटली मिळते, तंतू न सोडणारं कापड त्यात ओलं करून पिना पुसायच्या आणि दहा मिनिटं वाळू द्यायचं. स्लॉटमध्ये कापड कोंबायचं नाही, ब्लोअरने धूळ उडवली तरी पुरे. स्टिकला हात लावण्याआधी जमिनीला जोडलेल्या एखाद्या धातूला हात लावा आणि स्टिक कडेनेच धरा.

पुसून झालं की खात्री करायची, नुसतं आठवडाभर वाट बघू नका. विंडोजच्या सर्चमध्ये एमडीशेड (mdsched) टाइप केलं की त्याची स्वतःची चाचणी मिळते, पण ती बऱ्याचदा बारीक दोष सोडून देते. मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाकून घ्या, फुकट आहे, त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि रात्रभर चालू ठेवा, निदान चार फेऱ्या. यात थोडे एरर चालतात असं काही नसतं, एक जरी लाल ओळ आली तरी गडबड आहे. एरर आले तर एक स्टिक काढून दुसरी एकटी तपासा, मग पहिली एकटी, त्याच स्लॉटमध्ये. एकट्या दोन्ही पास आणि जोडीने नापास असं निघालं तर दुसरा स्लॉट तपासा, आणि तोही बरा असेल तर त्या दोघींचं एकमेकींशी पटत नाहीये, तेव्हा दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच पार्ट नंबरच्या घ्याव्या लागतील. आणि चार्जिंगला असताना गरम झाल्यावरच एरर येतात का तेही बघा, काही स्टिक थंड असताना पास होतात.

नवीन स्टिकच नापास झाली तर तुमची तर चारच महिने झालीयत, बिल शोधून ठेवा, रॅमच्या बऱ्याच कंपन्या तीन वर्षं किंवा त्याहून जास्त वॉरंटी देतात. लाल ओळींच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, त्यात स्टिकचा नंबर दिसेल असा दुसरा फोटो जोडा, आणि दुकानदाराकडे नेताना दोन्ही प्रिंट करून न्या.